पाचवा पाइप

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मिरजेचा इलाही मिस्त्री चार वर्षं बसऱ्याच्या लष्करी कारखान्यात बॉयलर सांभाळून परत आला होता, आणि पाचगणीच्या लालासाहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावून घेतलं होतं. लालासाहेब निवृत्त मामलेदार. त्यांच्या पत्नी मनुबाईंची छाती अधू. खोली उबदार ठेवा, नाहीतर हा हिवाळा निघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बंगला बांधणाऱ्या गोऱ्या साहेबानं विलायतेसारखी सोय करून ठेवली होती. मागच्या पडवीत तेलावर चालणारा बॉयलर, आणि तिथून पाइपांतून गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी पेट्यांत फिरायचं. पण मनुबाईंच्या खोलीतली पेटी जेमतेम कोमट होई.

इलाहीनं तेलाची टाकी रिकामी करून तळाचा गाळ उपसला, बर्नरचं तोंड तारेनं मोकळं केलं, बॉयलरच्या पोटातली काजळी खरवडली. ज्योत झकास लागली. पेटी कोमटच.

मग त्यानं बॉयलरमधून निघणारे पाइप पाहिले. खोल्या चार. पाइप पाच. पाचवा भिंतीतून बाहेर पडून परसात जमिनीखाली शिरला होता, आणि सगळ्यांत गरम तोच होता.

"लालासाहेब, ह्यो कुठं जातो?"

"मला नाही माहीत. फुकट तेल खातोय, बंद करून टाका."

इलाहीनं त्या पाइपाच्या कॉकची चावी आवळली. दुपारपर्यंत मनुबाईंची खोली उबेनं भरली. कित्येक दिवसांनी त्या उशीला टेकून बसल्या, वाटीभर पेज प्यायल्या. लालासाहेबांनी इलाहीच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाचवा पाइप वाजू लागला. टक, टक, टक. मग थांबून पुन्हा तीन. तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे इलाहीला पाठ होतं. पण हा तर केव्हाच गार पडला होता.

तो कामाला लागायचा, हात मध्येच थांबायचा, कान तिकडंच.

तिसऱ्या दिवशी मनुबाईंनी त्याला बोलावलं. "मिस्त्री, तुमी ऐकलं न्हवं?"

"व्हय, आक्का."

"काल जोरात वाजत हुतं. आज दमल्यागत वाजतंय." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "माझ्या वाटणीला कुणाची तरी ऊब आली हाय. ती चावी उघडा. मी आनि एक रजई घेईन."

"मनू, काहीतरी बोलू नकोस," लालासाहेब दारातून म्हणाले. "मिस्त्री, चावी उघडायची नाही."

त्यांचा आवाज कापत होता. तो राग नव्हता.

खाली काहीच नाही, एवढं दाखवलं की झालं, म्हणून इलाहीनं कुदळ घेतली. पाइपाच्या कडेकडेनं तो खणत गेला. दहा-बारा हातांवर पाइप संपला. टोकाला लाकडी बूच ठोकलेलं. समोर घट्ट लाल माती, उंदराच्या बिळाएवढीही पोकळी नाही. टोक बंद असलेल्या पाइपात पाणी फिरायलाच नको होतं. मग तो तापत कसा होता? सगळा पाइप गंजलेला, फक्त शेवटची वीतभर जागा हाताळून गुळगुळीत झालेली.

अंधारायला लागलं. खड्डा तसाच ठेवून तो परत आला. टकटक आता कान लावला तरच ऐकू येई.

पहाटे ती थांबली.

उजाडताच इलाहीनं कुणाला न विचारता कॉक उघडला. पाण्याचा खळखळाट पुढं गेला. तो धावतच परसात आला आणि खड्ड्याशी गुडघ्यांवर बसला. पाइपावर रात्रीचं दव बारीक मोत्यांसारखं साचलं होतं. घराकडून ऊब येत होती तसतसं ते सुकत होतं, सावकाश, हात-हात पुढं.

शेवटच्या वितीपर्यंत ऊब अजून पोचली नव्हती. तिथं दव होतंच, पण दोन जागा आधीच कोरड्या होत्या, तळहाताएवढ्या, एकीपुढं एक. बोटं मोजता येत होती.

इलाहीनं त्या खुणांवर स्वतःचे हात ठेवून पाहिले. खड्ड्यात कुठंही उभं राहून ते नीट बसेनात. अंगठे घराच्या दिशेला येत होते. असं धरायचं तर माणूस पाइपाच्या टोकापलीकडं हवा, समोरच्या न खणलेल्या मातीत.