अकरावी प्रत

त्या स्टुलावर नको, इकडे खुर्चीवर बसा. चहा ठेवतो. जंगूबाबांच्या फोटोसाठी तुम्ही ब्रह्मपुरीपर्यंत आलात, तेव्हा आता सगळं ऐकूनच जा. दहा प्रती मुंबईला गेल्या. भिंतीवर आहे ती अकरावी. ती असायला नको होती.

सत्याऐंशी सालच्या माघात मी जिवतीला गेलो ते साध्याच कामासाठी. माझा साळा तिथे मास्तर, त्याच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढायचे होते. दुपारीच काम उरकलं, आणि कळलं की जंगूबाबा गावातच आहेत. जंगू आत्राम, किंगरीवाले. रेडिओवर वाजवणारा, दिल्लीला मान मिळवून आलेला माणूस. पण गोंडांचे परधान म्हणून घराण्यात चालत आलेलं काम त्यांनी सोडलं नव्हतं. तीन तारांची ती किंगरी घेऊन यजमानाकडे जायचं आणि गेलेल्या माणसांना नावाने बोलवायचं.

अंगणात खाटेवर बसले होते. मागे मातीची भिंत, तिच्यात दार, आत काळोख. म्हटलं, "वाजवा ना बाबा, फोटो काढतो."

"उगाच नाई वाजवत भाऊ. कोनाले तरी बोलवा लागते. तुमचं कोन गेलं?"

आता बघा, माझा बाप छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेऊन आला आणि घरातले सगळे देव वैनगंगेत गेले. भूतखेत आम्ही मानत नाही. मी तर त्यावर वस्तीत भाषणं ठोकलेली आहेत. पण तोंडातून निघून गेलं, "रुखमा. माझी बायको. दीड वर्ष झालं."

"कुळ सांगा."

"कुळ आमी सोडलं, बाबा."

"मंग तिले रस्ता कसा सांगू? एका नावाच्या लय बाया रायतात तिकडं."

"नुसतं नाव घ्या. मले फोटोपुरतंच पायजे."

त्यांनी किंगरी जवळ ओढली. मग गज उचलला. तो आवाज मला सांगता येणार नाही. विहिरीत कुणी तरी वाकून हाक मारावी तसा होता, एवढंच. मी एकच फोटो काढला, आणि चांगला आला हे तेव्हाच कळलं.

ऊन कलत होतं. फाट्यावर चंद्रपूरच्या बसचा भोंगा वाजला. मी बॅग उचलली.

"थांबा," बाबा म्हणाले. "बोलावलं त्याले पोचवा बी लागते. ज्यानं बोलावलं त्यानं बसा लागते तवा."

"बस चुकन बाबा. पुढच्या खेपेले पोचवू."

त्यांनी गज खाली ठेवला. 

पुढची खेप झालीच नाही. चैत्रात बाबा गेले. मी काढलेला तो फोटो पेपरात छापून आला आणि मुंबईच्या एका आर्ट गॅलरीचं पत्र आलं. मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने दहा प्रती काढा, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने नंबर घाला, मग निगेटिव्हला भोक पाडा. अकरावी निघता कामा नये, त्यातच किंमत आहे. मी कबूल केलं.

ही मागची डार्करूम. दार तेव्हा ठेंगणं होतं, पण आम्हाला पुरायचं. रुखमा तर माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. मी आत कागद औषधात टाकायचो आणि ती बाहेर या स्टुलावर बसून मोजायची. एक ते नव्वद. नव्वदला कागद उचलायचा. ती गेल्यावर मी एकटाच मोजायचो, आणि साठ-सत्तरला कुठे तरी हरवायचो. तिच्यावाचून मला साधं मोजताही येईना, तुम्हाला काय सांगू.

जेठातल्या एका रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून बसलो. लाल दिवा, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबट वास. पहिली प्रत छान निघाली. दुसरीही. तिसरीत बाबांच्या मागच्या दारात पांढुरकं काही तरी दिसलं. धूळ असेल म्हणून निगेटिव्ह ब्रशने झाडली, दिव्यासमोर धरून पाहिली. दार कोरं होतं.

पाचवीत लुगड्याचा काठ आला. सातवीत एक बाई दारापाशी उभी होती, चेहरा काळोखात.

 खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा आनंद जास्त होता. दोन वर्षं मी एकट्यापुरतं शिजवून जेवत होतो हो...

दहावी आली. बाई बाहेर यायला निघाली होती. दारातून निघण्यासाठी ती वाकली होती, चांगली कमरेत वाकली होती. रुखमाला कुठल्याच दारात कधी वाकावं लागलं नाही.

ते मला दिसलं. कळलंही. निगेटिव्हला भोक पाडायला सुई शेजारीच ठेवलेली होती. पण चेहरा अजून दिसला नव्हता, आणि एवढ्या जवळ आलेल्या माणसाला परत कसं लोटू? मी अकरावा कागद औषधात टाकला. मोजायचं भानच राहिलं नाही.

"एक..."

खोलीत तेलाचा वास आला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. रुखमा खोबरेल लावायची.

"दोन... तीन..."

आवाज दाराबाहेरून येत नव्हता. माझ्या मागून येत होता, माझ्या डोक्याच्या बराच वरून. कुठेही न चुकता नव्वदपर्यंत गेला. मी कागद उचलला. फोटोत बाबा एकटे होते. दार रिकामं होतं.

"रुखमा?" मी मान न वळवता विचारलं.

"हूं..."

दहा प्रती मी गॅलरीला एकेक करून पाठवल्या, तशाच त्या विकल्या गेल्या. ज्याच्याकडे एक आहे त्याने बाकीच्या नऊ पाहिलेल्या नाहीत, म्हणून कुणी काही विचारत नाही. निगेटिव्हला भोक मी त्याच संध्याकाळी पाडलं. त्याने काय व्हायचं होतं? वाजवून पोचवणारा राहिला नव्हता.

ती रुखमा नाही, एवढं मला कळतं. पण मी आत असलो की बाहेर कुणी तरी मोजतं. घरी आलो की घर रिकामं वाटत नाही. या डार्करूमच्या चौकटीच्या वरच्या लाकडावर तेलाचा डाग पडायचा, येता-जाता कपाळ आपटल्यासारखा. रोज पुसायचो. मग वाईट वाटायला लागलं. इसरू सुताराला बोलावून दार हातभर उंच करून घेतलं. तो म्हणाला, "मुखरूभाऊ, एवढं उंच काऊन? तुमी तं एकलेच रायता." मी म्हटलं, असू दे.

त्याला दीड महिना झाला. चहा घ्या, निवेल. आणि निघताना ती नवी चौकट बघून जा. परवापासून तिच्याही वरच्या लाकडावर डाग दिसतोय.