कंदिलाची शेवटची पायरी

टोकियोत वस्तू विकत घेणं सोपं, टाकणं महाकठीण. साधं मोडकं टेबल काढायचं तर फोन करून तारीख घ्या, दुकानातून स्टिकर आणा, तो चिकटवा आणि ठरल्या सकाळी खाली नेऊन ठेवा. या छळाला वैतागूनच सौमित्रने खेळातसुद्धा नियम केला होता: नवीन जादूची वस्तू कुणालाही मिळणार नाही, आहे तीच वाढवायची.

खेळ दर रविवारी दुपारी, फुनाबोरीच्या सार्वजनिक हॉलमधल्या भाड्याच्या खोलीत. चार मराठी बाप्ये, एक टेबल, प्रत्येकाचा वीस बाजूंचा फासा. सौमित्र विद्यापीठात संशोधन करायचा आणि रविवारी गोष्ट सांगायचा. बाकीचे आपापलं पात्र होऊन त्या गोष्टीत शिरायचे. ओजिमात राहणारा विनायक तिथे म्हातारा शिपाई होता. त्याच्याकडे एक कंदील होता, म्हणजे हातावर मावेल एवढा कार्डाचा तुकडा. कंदिलाला तीन पायऱ्या. पायरी चढवायची तर कार्डावर बोट ठेवून पात्राच्या मालकीचं काहीतरी देऊन टाकायचं, मग फासा टाकायचा. जेवढं जवळचं, तेवढी पायरी मोठी. शेवटच्या पायरीपुढे सौमित्रने लिहिलं होतं: ‘हरवलेलं परत आणतो.’

खंडेनवमीला केतकीने, विनायकच्या बायकोने, घरातली हत्यारं पूजेला मांडली. दोन लॅपटॉप, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, आणि वर ते कार्ड.

“अगं, ते कशाला?” विनायक हसला.

“तुझं खरं हत्यार तेच. रविवारी जीव अडकलेला असतो त्यात,” म्हणत तिने कार्डावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. त्यांची सहा वर्षांची तन्वी शेजारी बसून सगळं बघत होती.

त्या रविवारी विनायकने पहिली पायरी चढवली. म्हाताऱ्या शिपायाला काय द्यायला जड? “जिभेवरची गोडी दिली,” तो म्हणाला आणि फासा टाकला. एकोणीस. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

परतताना त्याने कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून गोड मेलनपाव घेतला. चव कापसासारखी. विनायकचा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा, त्यामुळे घरी आल्यावर त्याने रीतसर चाचणी घेतली. साखर, गूळ, मध. खारट कळत होतं, कडू कळत होतं, गोड तेवढं नाही. निशी-कसाईच्या डॉक्टरने जीभ पाहिली आणि काही दोष नाही म्हणाला.

योगायोग म्हणून त्याने सोडून दिलं. शहाणा माणूस दुसरं काय करणार? पुढच्या रविवारी शिपायाने लहानपणीच्या कुत्र्याचं नाव दिलं. दुसरी पायरी.

सोमवारी सांगलीहून त्याच्या आईचा फोन आला. “अरे, शेजाऱ्यांनी कुत्रा आणलाय. अगदी आपल्या मोत्यासारखा.”

“कोण मोत्या?”

आई हसली, मग हसायची थांबली. “विनू, अकरा वर्षं तुझ्या पायाशी झोपायचा रे तो.”

विनायकने डोकं खाजवलं, आठवणीत हात घालून पाहिला. तिथे कुत्रा नव्हताच.  मग मात्र त्याने खेळ सोडला आणि केतकीला सगळं सांगितलं. कार्ड मंगळवारच्या जळाऊ कचऱ्यात टाकतो, म्हणाला.

“पूजेची वस्तू कचऱ्यात? भलतंच काहीतरी!” केतकी म्हणाली. “विसर्जन करावं तर इथल्या नदीत काही सोडता येत नाही. राहू दे देवापाशी. तू खेळू नकोस म्हणजे झालं.”

“एकच पायरी राहिलीये, केतकी. चढली तर गेलेलं परत येईल. पण त्याला याहून जवळचं काहीतरी द्यावं लागणार, आणि आता जवळचं म्हणजे तुम्ही दोघीच. मी नाही हात लावणार.”

तन्वी जमिनीवर चित्र रंगवत होती. पेन्सिल जरा थांबली, पुन्हा चालू लागली.

तीन रविवार सुखाचे गेले. चौथ्या रविवारी सकाळी केतकी स्वयंपाकघरात शिरा ढवळत होती. उलथनं कढईवर खरखर वाजत होतं. विनायक वाचत बसला होता. शेजारच्या खोलीत काहीतरी फरशीवर घरंगळलं.

“निजू!” तन्वी ओरडली. म्हणजे वीस.

विनायक धावला. देवापुढे कार्ड, कार्डावर तन्वीचं बोट, समोर त्याच्याच बॅगेतला फासा.

“तन्वी! काय केलंस?”

“बाबांना गोड लागत नाही ना,” ती खुशीत म्हणाली. “म्हणून मी कंदील मोठा केला. माझ्याकडे दोन होते. एक दिलं.”

“दोन काय?”

“विनू, जरा बेदाणे दे रे, त्या वरच्या...” स्वयंपाकघरातून केतकीचा आवाज आला.

वाक्य तिथेच राहिलं. उलथनं थांबलं.

“दोन काय होते, तन्वी?”

तन्वीने तोंड उघडलं, मिटलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “वासुरेता,” ती हळूच म्हणाली. विसरले.

करपल्याचा वास आला. विनायक आत गेला. गॅस चालू होता, कढईत शिरा होता. गॅस पेटता ठेवून आपण बाहेर वाचत बसलो, या विचाराने तो स्वतःवरच चिडला. त्याने गॅस बंद केला आणि चमचाभर शिरा तोंडात टाकला.

गोड!

वेलचीसकट गोड. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाठोपाठ पायाशी झोपणारा मोत्या आठवला, त्याचा फाटका कान आठवला. “तन्वी, अगं, गोड लागतंय मला! शहाणी माझी बाय!”

त्याने ताटल्या घेतल्या. हातात तीन आल्या. एक परत ठेवली.

दोघं खायला बसली. तन्वीने शिरा खाल्ला नाही. ती कार्ड हातात घेऊन बसली होती.

“बाबा, हे बोट कोणाचं?”

कार्डावर कुंकवाचा ठसा होता. विनायकने त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. मोठं झालं. मग तन्वीचं ठेवलं.

लहान पडलं.