न दिलेला होकार

तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की कुरखेड्याच्या पुढल्या गावांत कोंबड्याला कुणी विचारत नाही. तांबडं फुटायच्या आत बाया घराबाहेर पडलेल्या असतात. उन्हाआधी तोडलेलं पान मऊ, नंतरचं कडक. मालाची पारख असलेल्याला ते नुसत्या बोटानं कळतं. त्या दिवशी सोमारीही तशीच निघाली. कमरेला ओटी आणि रिकामा पत्र्याचा डबा, हातात पाण्याची बाटली, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस. पुढे कुंता.

आता या जोडीचं सांगायला हवं. झाडीत एकटीनं जायचं नाही, असा तिकडचा नेम. हंगामाच्या पहिल्या दिवशी जोडी ठरते, ती पानांच्या शेवटच्या पुड्यापर्यंत मोडत नाही. एक वाकून पानं तोडते, दुसरी जरा मागे राहून झाडीवर नजर ठेवते. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो ना! तोडणारी मधून मधून विचारते, "हाय का?" मागचीनं "हो" म्हटलं की सगळं ठीक. ती गप्प राहिली की ताठ उभं राहायचं आणि कमरेचा डबा बडवायचा. आणि नाव घेऊन कुणी हाक मारली तर वळायचंच नाही. जंगलात नाव घेऊन माणूस बोलावत नाही... दुसरंच कुणीतरी बोलावतं.

सोमारी-कुंताची जोडी बारा हंगामांची. एकीच्या घरची चटणी दुसरीच्या भाकरीवर. सोमारीची लेक दिव्यानी हिला मिरगी होती, आणि हे गावात एकट्या कुंताला ठाऊक. पोरीच्या नाकाशी कांदा धरून तीच बसायची. यंदा अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. दिव्यानीचं नाव पक्कं झालं, आणि आठ दिवसांत पुसलंही गेलं. तिथं लागली कुंताची रीता. बाजारात रुखमाबाईनं सोमारीच्या कानात सांगितलं, "पोरीले फेफरं येते मनून कुंतानंच सायबाले सांगतलं वं."

सोमारी ते ऐकून हसली होती. घरी येऊन मात्र चुलीसमोर बसली, ती आग विझली तरी उठली नाही.

रविवारी चॅपेलमध्ये वसईकडचे फादर बर्नाबास आले. महिन्यातून एकदा यायचे. सोमारीनं गुडघे टेकून सांगितलं, "फादर, रोज मनात येते, तिले वाघानं न्यावं. मी पापी हाव काय?"

"मनात येणं हा मोह, सोमारी. मोह म्हणजे दारात आलेला फेरीवाला. त्यानं हाक मारली म्हणून तू माल घेतलास असं होत नाही."

"मंग पाप कवा?"

"गोष्ट मोठी हवी, ती मोठी आहे हे तुला कळायला हवं, आणि तरीही तू मनापासून 'हो' म्हणायला हवंस. तिन्ही जमलं तर ते मरणाचं पाप. पण एक सांगतो, त्याच्याशी भाव करत बसू नकोस. भाव करणारा बहुतेक घेऊनच उठतो."

हे तिनं पदरात बांधून घेतलं.

तर त्या पहाटे. झाडीत वारा नव्हता. वाळल्या पाचोळ्याचा, रात्रीच्या गारव्याचा वास. कुंता वाकून पानं खुडत होती, खुडक... खुडक... आणि बोलत होती, "काऊन वं बाई, चार दिस झाले, तोंड फुगवून बसली हायेस. माह्यावर नाराज हायेस काय?"

"नाई."

"दिव्यानीची तब्येत बरी हाय ना?"

सोमारीनं पदर तोंडाशी ओढला. आणि त्याच वेळी दुसरा वास आला. ओला, उग्र. कुंताच्या पलीकडं, पंधरा हातांवर, बांबूच्या बेटात पिवळं काहीतरी हललं आणि थांबलं.

"हाय का?" कुंतानं विचारलं. मान वर न करता.

सोमारीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, कुंता आपोआप ताठ उभी राहिली असती. पण जिभेवर तो शब्द येऊन बसला, गोड, गुळाच्या खड्यासारखा. एक शब्द. कुणाला कळणार? रीता रडेल, जशी दिव्यानी रडली... तिनं दात आवळले. क्रूस मुठीत घट्ट धरला. नाही म्हणणार. नाही...

"होऽऽ."

तिच्या उजव्या कानामागून. तिच्याच आवाजात.

कुंता निवांत आणखी खाली वाकली.

सोमारीचं तोंड तेव्हा कुठं उघडलं, आणि बारा वर्षं तोंडात घोळलेलं तेच बाहेर पडलं, "कुंता! कुंताऽऽ!"

कुंता वळली नाही. नाव घेतलेल्या हाकेला वळायचं नसतं. सोमारीनं पाहिलं, तिनं कान झाकले आणि झुडपात आणखी आत सरकली.

मग बांबू फुटल्यासारखा आवाज झाला. कुंताचा डबा एकदाच वाजला.

शेजारच्या जोडीतल्या रुखमाबाईनं पंचनाम्यात सांगितलं, "हो तं सोमारीचाच होता. मी आयकला." रीता सोमारीकडे नुसती बघत राहिली.

पुढच्या महिन्यात फादर आले. दुपारची वेळ, चॅपेलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. दिव्यानी बाहेर चिंचेखाली बसली होती. पडद्याच्या एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला सोमारी. तिनं सगळं सांगितलं. वास, जिभेवरचा खडा, कानामागचा आवाज, काही लपवलं नाही. मी भाव करत बसली होती फादर, हेही सांगितलं.

मग फादरांनी हळू विचारलं, "मला एकच सांग. त्या घडीला, मनापासून... तू हो म्हणालीस?"

सोमारीनं त्या पहाटेचा कोपरा न् कोपरा चाचपून पाहिला. मग देवासमोर जे खरं ते म्हणाली.

"नाई."

पडदा जरासा हलला. फादरांचा आवाज थकल्यासारखा आला.

"सोमारी... मग आत्ता 'नाई'च्या आधी 'हो' का म्हणालीस?"