सर्वांना दिसणारा पत्ता

मिळकतपटाच्या प्रयोगशाळेतलं वातानुकूलन दुपारपासून बंद होतं. डॉ. वैदेही मोहरील यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि समोर बसलेल्या बारसागडे वकिलांना तीच गोष्ट पुन्हा समजावायला घेतली. विधी विभागाची सही झाल्याशिवाय नवी प्रणाली सुरू होणार नव्हती.

"कोणतं घर कुणाच्या नावावर आहे, हे मिळकतपटावर कुणालाही बघता आलं पाहिजे, असा कायदा आहे. बेनामी व्यवहार त्यानंच थांबले. पण मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेली बाई स्वतःच्या नावानं घर घेते, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला पत्ता सापडतो."

"मग तिचं नाव झाका ना, मॅडम."

"सगळ्या नागपुरात झाकलेली घरं मोजकीच असतील. तो तेवढीच दारं वाजवेल. झाकणं म्हणजे बोट दाखवणं झालं."

"म्हणून खोटा पत्ता."

"प्रतिपत्ता. सरकारी ताब्यातल्या एखाद्या रिकाम्या फ्लॅटचा. दारावर तिच्या नावाची पाटी, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. तो तिथेच बेल वाजवत बसेल, दुसऱ्या कुणाला त्रास नाही."

"प्रत्येकाला वेगळा पत्ता?"

"छे. तो आणि त्याचा भाऊ ताडून बघतील. दोघांना वेगवेगळे दिसले की बिंग फुटलं. सगळ्यांना एकच प्रतिपत्ता. खरा दिसेल तो फक्त तिनं निवडलेल्या माणसांना. पट उघडायला अंगठा लावावाच लागतो, त्यावरून प्रणाली ठरवते."

"आणि आपण निवडलेले आहोत की नाही, हे त्या माणसाला कळेल?"

"कळणार नाही. ज्याला कळतं, त्याच्याकडून ते काढून घेता येतं."

बारसागडे हसले. "तुम्ही तर आम्हा वकिलांच्या वरताण निघालात. घरच्यांवरही भरवसा नाही काय?"

"घरच्यांवर सगळ्यांत कमी," त्या म्हणाल्या आणि सहीसाठी कागद पुढे सरकवले.

हे वैदेहीबाई प्रयोगशाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांची मुलगी ऋजुता मनगट मोडल्यावर नवऱ्याचं घर सोडून निघाली आणि तिनं लहानसा फ्लॅट घेतला, तेव्हा वैदेहीबाईंनी पेढे वाटले. विहीणबाईंना वगळलं तर वाईट दिसेल, म्हणून त्यांच्याकडेही डबा पाठवला. विहीणबाईंचा फोन आला. कुठे घेतलं हो घर? वैदेहीबाईंनी सांगितलं. कुणी सरळ विचारलं की त्यांना खोटं बोलताच यायचं नाही. आठवडा उलटायच्या आत जावई, कौस्तुभ, दार फोडून आत शिरला होता. ऋजुता नुसती तिथून निघून गेली, आणि मग तिचे फोन कमी झाले.

प्रणाली सुरू झाली. पुढच्या महिन्यात ऋजुताचा फोन आला.

"आई, घर घेतलं. नोंदणीही झाली."

"पत्ता सांग. येते मी."

"पटावर बघ ना. तुझाच तर आहे तो."

"बरं. बरी आहेस ना गं?"

"झोप लागते आता."

वैदेहीबाईंनी अंगठा लावला. पत्ता उमटला. रविवारी संध्याकाळी पिशवीत लोणच्याची बरणी आणि दोन नवे अभ्रे घेऊन त्या शहराच्या दक्षिणेकडच्या नव्या वसाहतीत पोचल्या. लिफ्ट बंद होती. धापा टाकत त्या वरच्या मजल्यावर आल्या. 'ऋजुता मोहरील' अशी पाटी असलेल्या दारासमोर, भिंतीला टेकून, कौस्तुभ उभा होता.

"या, आई," तो म्हणाला. "आत दिवा आहे, पण दार उघडत नाही."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला पत्ता कुणी दिला, कौस्तुभराव?"

"द्यायचा काय त्यात? पटावर आहे. कुणालाही दिसतो."

ऋजुतानं याला निवडलेलं असणं शक्यच नव्हतं. म्हणजे याला दिसला तो प्रतिपत्ता. आणि त्यांना दिसला तो हाच. वैदेहीबाईंनी मनातल्या मनात प्रणाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा तपासली. कुठेही चूक नव्हती.

"खरं सांगू का," कौस्तुभ म्हणाला, "मी निघालोच होतो. मला वाटलं, हा पत्ताच बनावट आहे. असलं काहीतरी सुरू केलंय म्हणे सरकारनं. दुसरीकडे शोधणार होतो, माणसंही तयार ठेवली होती." तो त्यांच्या पिशवीकडे बघून हसला. "पण तुम्ही आलात म्हणजे पत्ता बरोबर आहे. तुम्हाला काही ती खोट्या दारावर पाठवणार नाही."

खालच्या मजल्यावर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. त्याची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

"बाहेर गेली असेल," वैदेहीबाई म्हणाल्या. "दिवा तसाच ठेवून जाते ती. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही."

"कधी येईल?"

"रविवारी उशीर करते."

त्या पायरीवर बसल्या. गुडघे खरंच दुखत होते. मग, त्यालाही टेकायला जागा व्हावी म्हणून, त्या थोड्या भिंतीकडे सरकल्या.