अकरा जणींची साक्ष

संस्थेच्या जिन्याखालच्या प्रिंटरमधून तिने आपले समजून उचललेले कागद निघाले भलत्याच माणसाचे. बाहेर तीन दिवस सूर्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली धरून तिने पहिली ओळ वाचली – ‘पहिला तास : आकडा ही अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव आहे.’

“ते माझे आहेत,” मागून आवाज आला. अर्थमिती, म्हणजे अर्थशास्त्रातली आकडेमोड, शिकवायला आलेला नवा तरुण सर.

“हा तास आहे की जुम्म्याचा खुतबा?”

“तासच. खुतब्याच्या प्रवचनाला लोक डुलक्या घेतात…”

“आणि तुमच्या तासाला?”

“या एकदा. मागचं बाक रिकामं असतं.”

संस्थेची आकडेमोड तीच सांभाळी; मुलं तिला पाठीमागे आकडेबाई म्हणत. संख्याशास्त्राशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही, असा सगळ्यांचा समज. ती गेली, फक्त खोड काढायला. मग दर मंगळवारी जायला लागली.

तो फळ्यावर ठिपके काढी, त्यांच्यामधून रेघ ओढी आणि हात थांबवून विचारी, “आता नियत तपासा. उत्तर काय यावं असं तुम्हाला वाटतंय? तसंच आलं, तर पुन्हा तपासा. माणसानं दिलेली माहिती ही त्याची साक्ष. नको ती साक्ष लपवणं म्हणजे खोटी साक्ष देणं.” बोलता बोलता त्याची नजर मागच्या बाकाकडे जाई… आणि आकडेबाईला वहीत उगाचच काहीतरी लिहावं लागे.

दृष्ट लागावी तसं झालं. संस्थेच्या मंडळाने गरजू बायकांसाठी शिवणवर्ग चालवला होता. त्या वर्गामुळे बायकांना काम मिळालं, असं सिद्ध करणारा अहवाल मंडळाला सरांकडून हवा होता. तसा अहवाल आला तरच मंडळ त्याच्या अभ्यासक्रमाला पैसे देणार, नाहीतर तो बंद. आकडेमोड तिच्याकडे आली.

दोनशे बारा बायका. तेरा तऱ्हांनी गणित मांडलं, पण वर्गाचा उपयोग काही दिसेना. चौदाव्या वेळी तिने वर्ग अर्ध्यावर सोडलेल्या अकरा जणी यादीतून काढल्या आणि आकड्याशेजारी तो छोटा तारा उमटला – निकाल भरवशाचा असल्याची खूण. तेवढा एकच तक्ता तिने त्याला दिला. त्याने तो अहवालात लावला.

घरी अम्मी म्हणाली, “अगं, चेहरा असा काय? कुणी गेलं का?”

“नाही… जाऊ नये म्हणून खटपट चाललीय,” ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. अहवालावर सही करायच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर ती फळ्यापाशी आली.

“तो तक्ता पाठवू नका. मी चौदा वेळा केलं. तेरा लपवले. अकरा जणी वगळल्या.”

तो फळा पुसत राहिला. “का?”

“तुम्ही राहावं म्हणून. तुमच्याच तासाला बसून, तुमचंच ऐकून… हे केलं मी.”

त्याने डस्टर खाली ठेवलं. “दोनशे बाराच्या जागी दोनशे एक. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

तिने मान वर केली.

“दोन दिवस गप्प बसलो,” तो म्हणाला. “नियत तपासायला सगळ्यांना शिकवतो, अन् स्वतःची तपासायला घाबरत होतो. मलाही इथून हलायचं नव्हतं… त्या मागच्या बाकापासून.”

खिडकीबाहेर झिमझिम सुरू झाली होती.

त्या दुपारी त्यांनी अहवाल शेजारी बसून पुन्हा लिहिला. चौदाही तक्ते घातले आणि खाली दोघांनी सही केली. पंधरवड्यात अभ्यासक्रम बंद झाल्याचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी तो आपले कागद न्यायला जिन्याखाली आला, तेव्हा ती तिथेच उभी होती.

“तुमच्या अब्बांना भेटायला यायचं होतं,” तो म्हणाला. “पण नोकरी गेलेला माणूस कोणत्या तोंडानं येणार…”

“सगळं खरं सांगून येणार,” ती म्हणाली. “आमच्याकडे साक्ष लपवत नाहीत.”

तो हसला, पण डोळे भरून आले होते. त्याच रात्री, अब्बांना न भेटताच, आठच्या गाडीने तो गेला. मंगळवारी ती त्याच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली. फळा कोणीतरी धुऊन टाकला होता.