घटातला गळा

सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप निघालं की आधी गळ्याचा रियाज व्हायचा, चहा नंतर.

गळा काचेच्या एका उभट भांड्यात, कोमट पोषक द्रवात टांगलेला असे. त्या भांड्याला इथली मंडळी ‘घट’ म्हणत. वर स्वरयंत्र, खाली छातीपर्यंत पोचेल एवढी श्वासनलिका. जीभ नाही, ओठ नाहीत, माणूस नाही. डॉ. हेरंब पुराणिकांनी द्रवाची पातळी खाली घेतली, तळाच्या नळीतून दमट हवा सोडली, आणि दोन गुलाबी स्वरपट्ट्या थरथरू लागल्या. ‘आऽऽ’ असा एका प्रौढ बाईचा भरदार आवाज खोलीभर पसरला.

“खाली थोडी खरखर आहे,” शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरून मान न काढता जाहिदा तांबोळी म्हणाली. घटातल्या पेशी तिनं वाढवल्या होत्या. “काल देवळात फार ताणलं वाटतं ताईंच्या लेकरानं.”

“थट्टा नको गं. उद्या तो आपल्या घरी, ताईंच्या मानेत चाललाय.”

ताई समोरच स्टुलावर बसल्या होत्या. कीर्तनकार वैजयंतीताई गोसावी. मानेत चांदीची छोटी नळी, मांडीवर दगडी पाटी. श्वास नळीतून येजा करताना बारीक शीळ वाजे, तेवढाच त्यांचा आवाज उरला होता. आपलाच गळा समोर काचेत गातोय हे ऐकताना त्यांचे डोळे भरून येत, आणि बोटं आपोआप मांडीवर ठेका धरत.

ऊती वाढवून भागत नाही, हे जाहिदानं त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नुसत्या वाढलेल्या स्वरपट्ट्या ओल्या फडक्यासारख्या लिबलिबीत होतात. त्यांना रोज कंप द्यावा लागतो, तेव्हा आतले धागे एका दिशेनं लागतात. कंप कुठल्याही यंत्राचा चालला असता. पण हेरंबसरांचा पिंड कीर्तनवेड्याचा. त्यांनी ताईंच्या जुन्या कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांवरून हवेचा दाब बांधला. कुठे विलंबित, कुठे गजराची झड. गळ्याचा साचाही ताईंच्याच एका जुन्या तपासणीतल्या चित्रांवरून छापलेला. पेशीही त्यांच्याच. फक्त प्रयोगशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे त्या पेशींवरच्या ओळखखुणा पुसून टाकल्या होत्या, म्हणजे उरलेली ऊती दुसऱ्या कुणालाही बसवता यावी, शरीरानं ती परकी मानू नये.

“अख्ख्या विद्यापीठात कुणी आडनाव विचारत नाही, अशी ही एकच टाकी,” उणे तापमानाच्या शीतटाकीवर थाप मारून जाहिदा म्हणे.

ताईंचा गळा कुठल्या आजारानं गेला नव्हता. मागल्या वर्षी गावच्या मंदिरात त्या कीर्तनाला उभ्या होत्या. पूर्वरंगात त्यांनी गावातल्या कमलचं नाव घेतलं. कमल भाजून मेली होती, आणि स्टोव्हचा भडका झाला असं सगळ्या गावानं मान खाली घालून मान्य केलं होतं. “ती कशी गेली, ते उत्तररंगात सांगते,” ताई म्हणाल्या. मध्ये रीतीप्रमाणे भजन सुरू झालं. कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा. हार घेऊन पुढे आला तो कमलचा नवरा, भास्कर ढगे. त्यानं हार घातला, वाकला, आणि हाराखालून वस्तरा फिरवला. झेंडू आणि रक्त एकदमच ताईंच्या पायांवर पडलं. मंडपातलं एकही माणूस जागचं हललं नाही. मग साक्षीदार फिरले, खटला रेंगाळला, ढगे जामिनावर सुटला. ताईंनी कोर्टात सगळं लिहून दिलं होतं. पण ज्या लोकांसमोर पूर्वरंग झाला, त्यांच्याचसमोर उत्तररंग व्हावा, एवढाच त्यांचा ध्यास होता.

आणि काल हेरंबसरांना आनंद आवरला नाही. एकादशीच्या भजनात, त्याच देवळात, घट नेऊन त्यांनी त्यातल्या गळ्याचा आलाप कर्ण्यावर ऐकवला. संथ, शब्दांवाचूनचा. बाया रडल्या. गावभर आवाज गेला, आणि तो कुठल्या प्रयोगशाळेतला हेही.

तो कुणाकुणाच्या कानी जाईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दार लाथेनं उघडलं. दारात भास्कर ढगे होता, हातात कोयता.

“गप केली होती ना तुला?” तो ताईंकडे बघून ओरडला. “काल कर्ण्यावर बोंबलत होतीस! कुठाय तुझा तो आवाज?”

जाहिदा आडवी आली. त्यानं कोयत्याची मूठ तिच्या जबड्यावर मारली. ती टेबलासकट कोसळली. शीतटाकीला त्यानं दोन्ही हातांनी ढकलून उलथवलं. पांढरी वाफ फरशीवर फुटली, आणि ताईंच्या साठवलेल्या पेशींच्या कुप्या तडतडत त्याच्या बुटांखाली गेल्या. घट अजून गातच होता. त्या आवाजाच्या रोखानं ढगे वळला. हेरंबसरांनी नळ्या उपसल्या आणि घट छातीशी कवटाळला. पहिला वार त्यांच्या खांद्यात रुतला. दुसरा चुकून मागच्या काचेच्या कपाटावर बसला. कपाटाचं दार फुटलं, चौकटीत सुळ्यांसारख्या काचा उरल्या.

“सोड तो! सोड म्हणतो ना म्हाताऱ्या!”

तिसऱ्यांदा कोयता उचलला तेव्हा जाहिदानं मागून लोखंडी स्टूल त्याच्या पाठीत घातलं. बर्फाळ फरशीवर त्याचा पाय घसरला आणि तो तोंडघशी त्या चौकटीत गेला. हनुवटीखालून छातीपर्यंत काच उतरली.

तो उताणा पडला. गळ्याच्या जागी लाल बुडबुडे होते. रक्ताची चिळकांडी जाहिदाच्या अंगरख्यावर उडत होती. ताई उठल्या, त्याच्या छातीवर गुडघा रोवला, आणि दोन्ही हात त्याच्या फाटलेल्या गळ्यात घातले.

“ताई, नको!” हेरंबसर ओरडले. “तुमच्या हातून हे नको!”

मग त्यांनी पाहिलं. चिळकांडी थांबली होती. ताई शीर दाबून धरत होत्या.

शेजारच्या इमारतीत उद्याच्यासाठी शस्त्रक्रियागृह सज्ज होतं. तिथल्या सर्जनबाई आरडाओरडा ऐकून धावत आल्या, वाकून बघताच म्हणाल्या, “पुराणिक, नळी घालायची तरी कशात? खाली श्वासनलिकाच उरली नाही. चिंधड्या झाल्यात.” त्यांची नजर घटावर गेली. “तेवढं एकच आहे.”

“ते याला?” जाहिदाच्या तोंडातून रक्त येत होतं. “सर, वर्षभर मी रविवार बघितला नाही. टाकी गेली. ताईंच्या कापलेल्या गळ्यातून वाचवलेल्या पेशी आता उरल्या नाहीत कुठे. हा एवढाच गळा आहे. मरू दे त्याला!”

हेरंबसरांना स्वतःशी खोटं बोलता येईना. त्यांनाही तेच हवं होतं. त्यांच्या हातांनी घट अधिकच आवळला. ओठांवर एरवी सतत चालणारं देवाचं नाम थांबलं होतं.

ताईंनी सर्जनबाईंचं बोट शिरेवर ठेवलं. रक्ताळल्या हातानं पाटी ओढली. लिहिलं: ‘उत्तररंग राहिलाय. सगळं याला ठाऊक आहे.’

“ताई,” हेरंबसर म्हणाले, “ही दया आहे का शिक्षा?”

ताईंनी पाटी खाली ठेवली. सकाळी घटाला लावायला म्हणून आणलेला बुक्का पदराच्या गाठीतून सोडला, आणि ढगेच्या कपाळावर चिमूटभर टेकवला. नळीतून त्यांचा श्वास शीळ घालत होता, फार जोरात.

हेरंबसरांनी घट सर्जनबाईंच्या हाती दिला.

पुढे जखम भरत आल्यावर ढगेच्या मानेवरची पट्टी सैल केली. एक हात पलंगाला बेडीनं जखडलेला, दाराशी हवालदार. जाहिदा आत आली नाही. दारातच हाताची घडी घालून उभी राहिली.

“श्वास घ्या. आता हळूच सोडा,” हेरंबसर म्हणाले.

ढगेनं तोंड उघडलं. ‘आऽऽ’. भरदार, प्रौढ बाईचा आवाज. त्याच्या मिशांखालून, त्याच्या तोंडातून. त्याचे डोळे फिरले. मोकळा हात त्यानं तोंडावर इतका दाबला की बोटं पांढरी पडली.

ताईंनी पिशवीतून चिपळ्या काढल्या आणि संथ लय धरली. साथीदार सुरात येईपर्यंत कीर्तनकार थांबतो, तशा त्या थांबल्या. त्या झाकलेल्या तोंडाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते हेरंबसरांना तेव्हा कळलं नाही, पुढेही कळलं नाही.

“बोलेल का तो?” दारातून जाहिदानं विचारलं.

चिपळ्या वाजत राहिल्या. मग ढगेचा हात हळूहळू तोंडावरून खाली आला. ताईंनी पाटी त्याच्यासमोर धरली. तिच्यावर एकच ओळ होती.

‘कमल कशी गेली?’