मापाला उभी

तिसगावच्या स्टँडवरून एस.टी. धुरळा उडवत पाथर्डीकडे निघून गेली, आणि मग भीमराजच्या लक्षात आलं, की मोजायची पट्टी आणि टेप असलेली पिशवी वरच्या फळीवर राहिली.

"झालं!" त्यानं कपाळाला हात लावला. शुभांगी हसू दाबत उभी होती. अशी चूक बायकोदेखत करावी, यासारखी पंचाईत नाही. वर्षभर ऐकावं लागतं.

भीमराज नगरला एका कॉलेजात ड्रॉइंग शिकवायचा. नव्व्याण्णव सालचा जानेवारी होता, आणि कॉलेजनं नुकताच तळहातावर मावणारा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. लग्न-मुंजीत मिरवायची ती वस्तू. पण भीमराजच्या डोक्यात त्या कॅमेऱ्यानं जुन्या इमारती मोजायचं खूळ शिरलं होतं. इमारतीभोवती फिरत चित्रण करायचं, त्यातली चित्रं कॉम्प्युटरवर घ्यायची, एकच दगड दोन-तीन चित्रांत दाखवून द्यायचा, की बाकीचा हिशेब कॉम्प्युटर करतो. अट एकच: प्रत्येक चित्रात ठाऊक उंचीचं काहीतरी उभं हवं.

मोजायचा होता गावाबाहेरचा आठकोनी घुमट. रस्ता रुंद होणार होता आणि घुमट मधे येत होता. रस्त्याच्या साहेबांचं म्हणणं, तो कललाय, आज ना उद्या पडेलच, पाडून टाका. मंगळवारच्या बैठकीत घुमट सरळ असल्याचा नकाशा दाखवला, तर रस्ता बाजूनं वळणार होता. वर आग्यामोहोळ लटकलेलं, म्हणून शिडी लावायचीही सोय नव्हती. लहानपणी आई इथं खुरपायला यायची, तेव्हा भीमराजनं याच घुमटाच्या सावलीत भाकरी खाल्ली होती. त्याचा जीव होता त्या दगडांवर.

"मी उभी राहते की," शुभांगी म्हणाली. "परवा कॅमेरा तपासताना मला स्वयंपाकघराच्या चौकटीला लावून खूण केलीत ना? एकशे साठ सेंटिमीटर. संसाराला नाही, तर मोजमापाला तरी उपयोगी पडते."

ती एकेका भिंतीला पाठ लावून उभी राहत गेली. पायाखाली सगळीकडे एकसलग दगडी ओटा, डोक्याशी आठही भिंतींवरून एकाच उंचीवर फिरणारी कोरीव कमळांची पट्टी. भीमराज चित्रण करत पुढं सरकायचा. शेवटच्या भिंतीशी आले, तेव्हा शेळ्या घेऊन एक म्हातारी आली आणि ओट्याशी टेकली. तिचं नाव दगडाबाई. घुमटात झाडलोट तीच करायची.

"बाईचं माप दिलंय व्हय?" तिनं विचारलं.

"पट्टी हरवली, मावशी. म्हणून हिला उभी केली."

"बरं केलं." म्हातारीनं भिंतीवर हात फिरवला. "मानसाला मापाला हुबं करीत न्हाईत आमच्यात. माप घ्येत्यात ते तिरडी बांधताना. पर ह्याला लई वर्सांत कुनी मानसाचं माप दिलंच न्हवतं. आता धरंल त्यो. पडायचा न्हाई."

शुभांगीला हसू आलं. भीमराजच्या घरात बाप-आज्यापासून असल्या गोष्टींना थारा नव्हता. त्यानं म्हातारीला नमस्कार केला आणि कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत टाकला.

रविवारी कॉलेजात बसून त्यानं चित्रं लावली. पहिली भिंत झकास आली. दुसरी जरा रुंद. तिसरी आणखी. आठ भिंती फिरून रेघ पहिल्या कोपऱ्याला येऊन मिळायला हवी, ती हातभर बाहेर गेली. नकाशा मिटेचना. असला नकाशा बैठकीत दाखवला असता, तर साहेबांनी तिथल्या तिथं कुदळी मागवल्या असत्या.

त्यानं पुन्हा दगड दाखवले. पुन्हा तेच. कॅमेऱ्याच्या भिंगात खोट असावी, किंवा आपल्याच हिशेबात. त्याला काही उमगेना.

मग त्यानं चित्रं शेजारी शेजारी लावली.

पहिल्या भिंतीशी शुभांगीचं डोकं कमळांना टेकत होतं. चौथ्या भिंतीशी कमळं बोटभर वर होती. आठव्या भिंतीशी वीतभर. पाय सगळीकडे ओट्यावर, टाचा भिंतीला. गुडघे ताठ.

तो तसाच घरी आला. शुभांगी जेवायची वाट पाहत होती. त्यानं तिला चौकटीला उभं केलं. डोकं बरोबर पेन्सिलच्या खुणेला लागलं.

"अहो, काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. उन्हात थकून वाकली असशील," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं, इतकं बरं, की तिनं फळीवरचा लोणच्याचा डबा सहज हात वर करून काढला, तेही तो कौतुकानं पाहत राहिला.

सोमवारी त्यानं ती गोष्ट केली. नकाशा मिटवायचा एकच मार्ग होता: भिंतीगणिक शुभांगीची उंची थोडी थोडी कमी लिहायची. खोटे आकडे लिहिताना त्याला लाज वाटली, पण घुमट तर वाचत होता. शेवटच्या भिंतीला त्यानं वीतभर कमी उंची लिहिली आणि बटण दाबलं.

रेघ कोपऱ्याला येऊन अलगद मिळाली. घुमट ओळंब्यात सरळ होता.

बैठकीत साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि रस्ता वळवला. "आतली बाजूही अशीच मोजून द्या," ते म्हणाले. भीमराजला आनंद आवरेना. येताना त्यानं पेढे घेतले.

शुभांगी स्वयंपाकघरात होती. निऱ्या पायात येत होत्या, म्हणून तिनं पदर खोचून साडी वर ओढून घेतली होती.

"वाचला!" तो दारातून म्हणाला. "आता आतून मोजायचाय."

"मग मी येते की उभी राहायला," ती हसून म्हणाली. तिचा हात फळीकडे वर गेलेला होता. टाचा उचलल्या होत्या, बोटं डब्याच्या खाली चाचपडत होती.

"अहो," ती म्हणाली, "ही फळी तुम्ही वर कधी ठोकलीत?"